रामरावांचे पहेलवान कोणी बिघडवले

अकोल्यात एखाद्याची इज्जत काढायची असेल तर पानठेल्यावर जाऊन नुसतं त्याचं नाव घ्यायचं. पुढचं काम ठेल्यावरची मंडळी फुकटात करतात. रामराव वानखड्यांचं नाव घेऊन पाहा. एक म्हणेल, रामराव लालची झाला. दुसरा म्हणेल, फुटक्या बादल्या वितळवून पहेलवान काढते लेकाचा. तिसरा, ज्याने जन्मात पोरांसाठी साधा भोवरा घेतला नाही, तो 'चिनी माल हाये' म्हणत थेट चीनपर्यंत पोचेल. चुगलीला माझी ना नाही. ज्या घरी चुगली होत नाही तिथला चहा मला पचत नाही. पण चुगली करायची तर खरी करा. रामरावांचे कुस्तीचे बाहुले बिघडले, हे खरं. मातेरं झालं त्यांचं. पण ते ज्यांनी केलं ते आज फेटे बांधून पहिल्या रांगेत बसतात आणि शिव्या रामराव खातात, हे पाहून डोकं तापतं.

रामरावांचं जुन्या शहरात खेळण्यांचं दुकान आहे. दुकान लहान, राग मोठा. गिऱ्हाइकाने एखादी मोटार दोनदा उलटीपालटी करून पाहिली की हे म्हणणार, "घ्याची असन तर घ्या, तिले चक्कर येऊन राहिली." तरुणपणी ते आखाड्यात जायचे. त्यांची जाहीर कुस्ती एकच झाली, बाळापूरकडच्या एका जत्रेत, आणि ती इतक्या झटक्यात संपली की भोंग्यावर नाव पुकारणाऱ्याचं वाक्यसुद्धा पुरं झालं नाही. हा विषय काढला की ते अजून पेटतात, म्हणून आम्ही तो अधूनमधून काढतोच. कुस्ती सुटली, पण कुस्तीवरचा जीव काही सुटला नाही. त्यात बायको मिळाली मूर्तिजापूरच्या मूर्तिकाराची लेक. जमुनाबाईंच्या बोटांना मातीची अशी खोड की कणीक मळता मळता गोळ्याला नाक काढून ठेवायच्या.

मग अमरावतीच्या वऱ्हाड दंगल मंडळाच्या कुस्त्या मोबाईलवर दिसू लागल्या. जत्रेत जेवढे लोक मावत नाहीत त्याच्या कितीतरी पट लोक घरी लोळत लोळत दंगल पाहू लागले. मंडळाला वाटलं, टोप्या विकू, बनियनं विकू, पहेलवानांचे बाहुले विकू. बाहुल्यांचं लायसन रामरावांना मिळालं. मंडळाच्या मल्लाचं नाव आणि चेहरा लावून बाहुला काढायचा हक्क फक्त त्यांचा.

पहिल्या वर्षीचा माल ज्याने पाहिला तो अजून विसरला नाही. वीतभर उंचीचा पहेलवान. खांदा, कोपर, कंबर, गुडघा, सगळं वळायचं. दोघांना भिडवलं की धोबीपछाड लागायची, आणि लागलेली टिकायची. डब्यात लाल मातीची पुडी. मोठी माणसं पोरांच्या नावाने विकत घ्यायची आणि पोरांना हात लावू द्यायची नाहीत.

त्यातला राजा म्हणजे बार्शीटाकळीचे नासिर पहेलवान. आता साठी उलटलेली, कुस्त्या बंद, मंडळाकडे पंच म्हणून जातात. मातीचा नमुना घडवण्यासाठी जमुनाबाईंनी त्यांना आखाड्याच्या बाहेर खुर्ची टाकून कित्येक सकाळी पाहिलं होतं. डावा खांदा किंचित खाली, पोट थोडं सुटलेलं, आणि डावा कान कुस्त्या खेळून खेळून चुरगळलेला, न उमललेल्या बोंडासारखा. बाहुल्यात ते सगळं उतरलं होतं. टेबलावर ठेवला तर वाटायचं, हा आता पाणी मागेल.

एवढं झकास चाललेलं असताना मोडलं कुठे? तर करारनाम्यात, आणि ते कलम घातलं होतं खुद्द रामरावांनी. वकील सांगत होता, मंडळाची मंजुरी लिहू, तेवढी पुरते. रामराव वकिलावर उखडले. माणसाचं रूप बाजारात मांडायचं आणि घरच्यांना विचारायचं नाही? म्हणाले, "तुमच्या घरी सोयरीक जुळवता तवा फक्त सोसायटीच्या चेअरमनले विचारता काय?" आणि त्यांनी लिहून घेतलं की मल्लाला आणि त्याच्या घरच्यांना पसंत पडल्याशिवाय बाहुला निघणार नाही.

हे फक्त आपल्याकडचाच माणूस करू जाणे. बाहुल्याची पसंती ठेवली. आणि पसंती म्हटली की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या वर्षी नासिरभाई आले, सोबत फक्त त्यांच्या पत्नी आबेदाभाभी. भाभींनी बाहुल्याच्या कानावर बोट ठेवलं, म्हणाल्या, रोज उशीवर हाच कान पाहते मी. झाली पसंती. चहा पिऊन दोघं परत.

दुसऱ्या वर्षी मंडळाचा नवा हिरा आला, भातकुलीचा नितेश. पोरगं चपळ, एकलंगी डाव असा भरायचं की समोरच्याला आभाळ दिसल्यावरच कळायचं. तो आला तो टेम्पोभर नातेवाईक घेऊन. आई पार्वताबाई, काका, मामा, आत्या, एक आत्येभाऊ ज्याचा कोणाशी काय संबंध ते शेवटपर्यंत कळलं नाही. जमुनाबाईंनी आलूपोहे केले. सगळ्यांनी पोटभर खाल्ले आणि मग मधोमध बाहुला ठेवला. सगळे त्याच्याभोवती गोल वाकून बसले, जणू पोरगी चालून दाखवणार आहे.

पार्वताबाईंनी पहिला हात घातला. नितेशचं नाक एका कुस्तीत मोडून डावीकडे गेलेलं, बाहुल्याचंही गेलेलं.

"नाक वाकडं काहून केलं?"

"वाकडं हाये म्हनून," रामराव म्हणाले.

"हाये ते घरी हाये. दुकानात कायले मांडता? पोराचं लगन कराचं हाये मले."

रामरावांची कानशिलं तापली. पण घरी आलेला सोयरा नाराज करून परत पाठवायचा नसतो, ही शिकवण रागापेक्षा जुनी. जमुनाबाईंनी नजरेनेच त्यांना गप्प केलं आणि नाक सरळ करायचं कबूल केलं. नाक कबूल झाल्याबरोबर काकाला धीर आला. छाती थोडी भरा म्हणाला. मामाने रंग उजळ मागितला. आत्येला हसरा चेहरा पाहिजे होता. मोडक्या नाकाच्या, दात आवळून खेळणाऱ्या पोराला त्यांनी बसल्या बैठकीत लग्नपत्रिकेवरचा नवरदेव केला. आणि नितेश? तो मान खाली घालून मोबाईल पाहत होता.

इथून पुढे जे झालं ते आठवलं की संताप येतो. नितेशची छाती भरली हे कळल्याबरोबर पुढचा पहेलवान म्हणाला, मग माझ्या छातीने काय पाप केलं? त्याची अजून भरली. तिसऱ्याची त्याहून. छात्या इतक्या फुगल्या की हात खाली येईनात, बगलेत टरबूज धरल्यासारखे बाजूला राहिले. कोपराच्या सांध्याची रेघ पाहून कोणाची तरी आजी रडायला लागली, माझ्या नातवाचा हात मोडून पुन्हा जोडला काय म्हणून. कोपराचा सांधा गेला. गुडघ्यावरची रेघ टाके घातल्यासारखी दिसते म्हणे, गुडघाही गेला. एकाच्या होणाऱ्या सासूला लंगोट पाहवेना. सगळ्यांना चड्ड्या चढल्या. मातीच्या पुडीने गाद्या घाण होतात म्हणून पुडी बंद. रंग असा उजळत गेला की भरउन्हात आखाड्यात राबणारी पोरं दुधात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू. मानेवर गुडघा पडलाय, तरी हसून राहिले.

जमुनाबाईंनी मातीकाम एका नोकराच्या हवाली केलं. म्हणाल्या, चेहरेच उरले नाहीत तर मी काय बनवू. रामराव रोज भांडायचे, रोज हरायचे. शेवटी तो बाहुला धोबीपछाड तर सोडाच, उभासुद्धा राहीना. वरचं धूड जड, खाली पाय काड्या. टेबलावर ठेवला की हळूच पुढे झुकायचा आणि नाकावर पडायचा, त्याच सरळ केलेल्या नाकावर. पहेलवान म्हणवतो आणि कोणी न ढकलता पडतो. गिऱ्हाईक माल परत आणून रामरावांच्या तोंडावर टाकू लागलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी यावर उपाय काढला. हा माणूस कोणत्या गावचा, कोणाचा मेहुणा, ते मी आज सांगत नाही, पानठेल्यावर विचारा. ते म्हणाले, पायाखाली गोल चकती चिकटवा. चकती चिकटली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की आता सगळे सारखेच दिसतात, मग प्रत्येकाला वेगळा साचा कशाला? धड एकच ठेवा, मुंडकी बदला.

पण त्या रांगेत नासिरभाई अजून जुनेच उभे होते. सुटलेलं पोट, खाली खांदा, मोडका कान, चकतीशिवाय. त्यांच्या शेजारी बाकीचे म्हणजे केकवरचे बाहुले. अध्यक्ष म्हणाले, हे शोभत नाही, यालाही नव्या धडात बसवा, कान सरळ करा, आणि नसेल होत तर लायसनचं पुढच्या वर्षी पाहू.

रामरावांचा सगळा जीव आता त्या एका बाहुल्यात अडकला होता. बाकीचे गेले, हा जाऊ द्यायचा नाही. आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या कलमाचा आधार वाटला. पसंती पाहिजे ना? नासिरभाई थोडेच पसंत करणार आहेत. नव्या धडाचा एक नमुना काढून, पिशवीत घालून, जमुनाबाईंना आणि मला घेऊन ते बार्शीटाकळीला निघाले. वाटभर म्हणत होते, पाहा आता, पहेलवान हा बाहुला कसा भिरकावते ते.

नासिरभाईंनी बाहुला हातात घेतला. डोळ्यांजवळ धरला. उजळ रंग, भरलेली छाती, सरळ कान. आणि पहेलवानांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अच्छा दिसते बे," नासिरभाई म्हणाले.

रामराव चहाचा कप खाली ठेवायचं विसरले. मग कडाडले, की वर्षभर ज्या कानासाठी मी साऱ्या दुनियेशी भांडून राहिलो, तो कान तुम्हालाच नको असेल तर आधी सांगायचं होतं. नासिरभाईही काही कमी रागीट नाहीत. पण ते ओरडले नाहीत.

"तू दुकानात बसतं, रामराव. हा कान घेऊन मी फिरतो. ब्यांकेत गेलो तर शिपाई पयले कान पाह्यते, मंग कागद. एसटीत बाजूची सीट खाली राह्यते. माह्या पोरीले, हीनाले, पाहाले आलेले लोक माह्या कानाकडंच पाहून बसले होते, गुंडा समजून. साऱ्या जिंदगीत एक बाहुला सरळ कानाचा निघाला तर तुह्यं काय जाते?"

रामरावांनी हातातला चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात आबेदाभाभींनी बाहुला मागितला. उजेडाला धरला, आगेमागे फिरवला आणि नवऱ्यासमोर ठेवला.

"हा कोण आहे?"

"मीच. अजून कोन?"

"मग माझी पसंती नाही. हा दारात आला तर मी पर्दा करीन."

पहेलवान म्हणाले, अगं, खेळणं आहे. भाभी म्हणाल्या, खेळण्यावर नाव कोणाचं आहे? दोघांची आमच्यासमोरच जुंपली. नासिरभाईंनी आवाज चढवला, भाभींनी चढवला नाही, आणि त्यातच निकाल लागला. शेवटी पहेलवान भिंतीकडे पाहून म्हणाले, घरवाली नाही म्हणते, मी काय करू. रामराव आनंदाने बाहेर आले. जमुनाबाई मात्र वाटेत एवढंच म्हणाल्या, "तुमी जिंकले, पन मानूस खट्टू झाला."

जिंकले कसले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरच्यांची पसंती नाही? मग नासिरला काढूनच टाका. पोरांना जुने पहेलवान माहीत तरी कुठे आहेत. रामरावांनी गोदामाच्या किल्ल्या काढून टेबलावर आपटल्या. साचे तुमचे, लायसन तुमचं, चकत्या तुमच्या, म्हणाले, आणि वर जे म्हणाले ते इथे लिहिता येत नाही. लायसन दुसऱ्याकडे गेलं. नासिरभाईंचा जुना साचा भंगारात निघाला.

आता तुम्ही म्हणाल, रामराव तत्त्वाचा माणूस. पण त्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली? नव्या संचात नासिर पहेलवान नाहीतच. पंच म्हणून ते जत्रेत जातात, तिथे मंडळाच्या ठेल्यावर सगळे पहेलवान चकत्यांवर हसत उभे, आणि लोक विचारतात, चाचा, तुम्ही कुठे गेले? पहेलवानांनी ते काही दिवस गिळलं. मग एका सकाळी ते रामरावांच्या दुकानात आले. मी पायरीवर पेपर वाचत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

नासिरभाई आत शिरले ते बोलतच. तुझ्या हट्टापायी मी उडालो. सरळ कानाचा का असेना, होतो तर खरा. रामराव म्हणाले, तुमच्या बायकोने नाही म्हटलं. नासिरभाई म्हणाले, तू आणलाच का तिच्यासमोर? खेळण्यांच्या दुकानात दोन म्हातारे एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात आले. एक बॅट आणि प्लास्टिकच्या चेंडूंची जाळी खाली आली. शेवटी पहेलवान म्हणाले, मला काही माहीत नाही, जुना बाहुला काढ. रामराव म्हणाले, काढता येत नाही, लायसन नाही.

नासिरभाईंनी आपल्या गालावर बोट ठेवलं.

"माह्या थोबाडाले लायसन कोनाचं लागते बे?"

"अध्यक्षाचं. तुमी सही करून देल्ली. नाव अन् चेहरा मंडळाचा."

आतापर्यंत दोघांचा राग एकमेकांवर होता. तो तिथेच वळला. दुकानाला कुलूप लागलं आणि आम्ही तिघं अमरावतीच्या गाडीत बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी मी बोलावण्याची वाट पाहत नाही.

मंडळाचं कार्यालय राजकमल चौकाच्या जवळ. अध्यक्ष काचेच्या टेबलामागे. नासिरभाईंनी नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली, बसले, आणि आपलं डोकं त्या टेबलावर आडवं ठेवून दिलं. गाल काचेला, मोडका कान वर.

"घ्या साहेब. चेहरा तुमचा हाये म्हन्ते. ठेवून घ्या. बाकीचा नासिर माहा हाये, तो मी घेऊन बसतो."

अध्यक्ष आधी हसले. मग उठा म्हणाले. मग चहा मागवला. चहा आला, निवला, पहेलवान हलले नाहीत. अध्यक्षांना फायली हव्या होत्या, त्या नासिरभाईंच्या डोक्याखाली. फोन वाजला, तो पहेलवानांच्या नाकासमोर. रामराव दाराशी हाताची घडी घालून उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द न बोलता भांडत होते.

तेवढ्यात दर्यापूरकडची मंडळी दंगलीची तारीख ठरवायला आली. आत पाहतात तर टेबलावर नासिर पहेलवानांचं डोकं. त्यातला एक म्हातारा पुढे झाला, वाकून पहेलवानांच्या पायाला हात लावला आणि अध्यक्षांना विचारलं, "पहेलवानाले काय झालं?" अध्यक्षांना सांगता येईना. कसं सांगणार? या माणसाचा चेहरा आम्ही घेऊन ठेवलाय, असं? बाकीचेही एकेक करून पाया पडले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कोणी तारखेचं काढेना. सगळे नुसते त्या कानाकडे पाहत होते.

अध्यक्षांनी कागद ओढला. नासिर पहेलवानांचं नाव आणि चेहरा त्यांना परत. बाहुल्यावर मंडळाचं नाव लावायचं नाही. "घ्या बाप्पा तुमचा चेहरा, अन् उठा," म्हणाले. पहेलवान उठले. गालावर काचेचा पट्टा उमटला होता.

जमुनाबाईंनी पुन्हा माती घेतली. या वेळी कानाचं काय करायचं, हे त्यांनी नासिरभाईंना विचारलं, रामरावांना नाही. नासिरभाईंनी भाभींकडे पाहिलं. भाभी दुसरीकडे पाहत होत्या. "मोडला तो मोडलाच राहू द्या," पहेलवान म्हणाले, "पन वैनी, उजवा कान साबूत हाये माहा. तो जरा ध्यान देऊन करजा." जमुनाबाईंनी तो इतका नीट केला आहे की गिऱ्हाईक आधी उजवाच कान पाहतं.

आता बाहुला रामरावांच्या काचेत उभा आहे. कमरेत वाकलेला, हात पुढे, भिडायच्या तयारीत. आणि समोर कोणी नाही. लोक येतात, घेतात, आणि न चुकता विचारतात, याची जोड कोण? कुस्ती लावायला दुसरा पहेलवान नको? एकाने मंडळाचा नवा नितेश आणून त्याच्याशी भिडवून पाहिला. नासिरच्या हातात तो चकतीसकट उचलला गेला आणि हसतच राहिला. रामराव त्या गिऱ्हाइकावर असे ओरडले की समोरचा शिंपी बाहेर आला. "याले कुस्ती नाई खेळता येत. याले फक्त हार घालता येते. उचल ते."

मागच्या आठवड्यात भातकुलीचा नितेश स्वतः आला. एकटा, टेम्पो नाही, आई नाही, मोबाईल खिशात. काचेसमोर बराच वेळ उभा होता. मग आत येऊन म्हणाला, काका, माझा पहिला बाहुला होता ना, वाकड्या नाकाचा, तसा एक काढता का, नासिरचाचाच्या समोर ठेवायला.

पानठेल्यावर हे सांगितलं तर लोक म्हणतात, रामराव रडला असेल. काही रडला नाही. चिडला. म्हणाला, "तवा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता नं बे? आता नाक आईले मागून आन. चेहरा अमरावतीहून मागून आन. दोन्ही घेऊन आला तर जमुनाबाई माती घेईन. नाई आला तर त्या चकतीवर उभा राह्य."

पोरगं निघून गेलं. अमरावतीच्या गाडीत बसताना त्याला एकाने पाहिलं, असं म्हणतात. आईला विचारलं की नाही, ते अजून कळलं नाही.